टाकीला वास येतोय का?

नाही नाही, प्यायची नाही काका, प्यायची नाहीच — तुम्हाला गाडी चालवायचीय, मला कळतं की. नुसती हुंगायची. आधी पाणी प्या, पाण्यासाठीच आत आला होतात ना तुम्ही, हे घ्या — आणि हा ग्लास. दांडीला धरायचा, पोटाला नाही. असा. आता नाक आत घाला. अहो घाला, त्यात लाजायचं काय, इथे येणारे सगळे घालतात, चांगले सुटाबुटातले लोक घालतात. घातलंत? आता सांगा. मी काही बोलणार नाही. एरवी इथे मीच बोलतो, कामच आहे माझं ते, लोकांना वाइन ओतून द्यायची आणि तिच्याबद्दल सांगायचं. पण आज मी एक शब्द बोलणार नाही. आज तुम्ही बोलायचं.

वास येतोय?

वास येतोय म्हणजे — थांबा, खाली ठेवू नका — म्हणजे कसा येतोय? चांगला येतोय, की नुसता येतोय? नाही, हसू नका, बघा ना, आपण फुलालाही म्हणतो वास येतोय आणि मोज्यालाही म्हणतो वास येतोय. कशाचा ते सांगितलं तर ठीक. नाही सांगितलं तर मोजाच. ‘दुधाला वास येतोय’ म्हटलं की घरातलं माणूस ते ओतूनच टाकतं, कसला येतोय असं कुणी विचारतं का? म्हणून विचारतो. कसला येतोय, काका?

साबणाचा. — साबणाचा? — अरे देवा. तो तुमच्या हातांचा. मीच तुम्हाला हात धुवायला लावले, डिझेलचा वास नको म्हणून. तसा डिझेलचा वास मला आला होता असं नाही हं, ड्रायव्हर आहात म्हणून आपला अंदाज. आता परत धुवा, नुसत्या पाण्याने, त्या कोपऱ्यात बेसिन आहे. पुसायला — नको, तो टॉवेल नको, त्याला काय येत असेल कुणास ठाऊक. हवेतच वाळवा. झटका. आणि या लवकर. ते लोक खालच्या बांधापर्यंत पोचलेत, ती लाल छत्री दिसतेय ना वेलींच्या मधे, ती ताईंची. तुमचे साहेब आणि मॅडम तिच्या मागे. ताई त्यांना माती दाखवत असणार. एकदा माती हातात घेतली की ताई लवकर सोडत नाहीत, तेवढाच आपल्याला वेळ.

ताई म्हणजे आमच्या मालकीणबाई. सगळे ताईच म्हणतात, त्यांच्यापेक्षा मोठे आहेत तेसुद्धा. हा मळा त्यांचा, खालचं तळघर, टाक्या, ही खोली, सगळं त्यांचं. तुमचे साहेब आज इथली नवीन पांढरी वाइन चाखणार आणि आवडली तर त्यांच्या सगळ्या हॉटेलांत ठेवणार — तुम्हाला माहीतच असेल, गाडीत बोलले असतील. बोलले? काय बोलले? बरं, नका सांगू. विचारलं नाही असं समजा.

मला जरा सर्दी आहे. म्हणून तुम्हाला विचारतोय. एवढंच आहे, दुसरं काही नाही. सर्दी असली की नाक चालत नाही, आणि आज नेमके पाहुणे, तेव्हा म्हटलं कुणीतरी आधी हुंगून बघावं. तुम्ही बरे. तुम्हाला यातलं काही ठाऊक नाही — वाईट नका वाटून घेऊ, पण ठाऊक नाही तेच चांगलं.

हो, नाक वाहत नाहीये. बरोबर आहे. सर्दी होऊन गेली. एक महिना झाला जाऊन. घरात सगळ्यांना झाली होती, ताप आला, उतरला, सगळे बरे झाले. माझं नाक तेवढं — सगळं गेलं, नाक परत नाही आलं.

काहीच येत नाही, काका.

काहीच म्हणजे काहीच. पहिल्यांदा कळलं ते दुधामुळे. आईने दूध तापत ठेवलं, मला म्हणाली लक्ष ठेव आणि बाहेर गेली. मी शेगडीजवळच बसलो होतो, तोंड भिंतीकडे करून, बूट पुसत. दूध उतू गेलं, खाली लागलं, करपलं, भांडं काळं झालं, शेजारीण दार वाजवायला लागली की काय जळतंय — आणि मी बूटच पुसतोय! आई धावत आली. म्हणाली, “नाकात बोळे घातलेस का रे?” मी म्हटलं, लक्ष नव्हतं. ती म्हणाली, “लक्ष कानाला लागतं, डोळ्याला लागतं. नाकाला कशाला लागतं?” तेव्हापासून ती मला बघत राहते, जेवताना. मी जेवतो, छान झालंय म्हणतो. छान झालंय की नाही मला काय माहीत. मीठ कळतं, आंबट कळतं, तिखट झोंबतं. बाकी सगळं — ओला पुठ्ठा चावल्यासारखं. एकदा तिने मुद्दाम नासकी भाजी वाढली असावी असं मला वाटतं. मी म्हटलं, छान झालंय. ताट उचलून घेऊन गेली.

घाबरायला होतं हो. गॅस चालू राहिला तर? मी झोपायच्या आधी उठून बटण बघतो, परत येऊन पडतो, परत उठतो. आणि दुसरं सांगू का — सांगतो, तुम्ही काय, जाणारच आहात — माझ्या अंगाला वास येतोय का, ते मला कळत नाही. दोनदा अंघोळ करतो. शर्ट एकदाच घालतो आणि धुवायला टाकतो. तरी समोरच्याने नाकाला हात लावला की मी दोन पावलं मागे सरतो. आत्ता तुम्ही नाक खाजवलंत ना, तेव्हा सरलो. येतोय का? नाही ना? नक्की? साबणाचा तुमचा, माझा नाही ना? बरं.

डॉक्टर म्हणाले, येईल परत, काहींना येतं. मी म्हटलं, काहींना येत नाही का? ते म्हणाले, नाकाने काम काय करायचं असतं तुला? तू काय अत्तरं विकतोस? मला असं चटकन बोलता येत नाही. आज एवढा बोलतोय ते घाबरलोय म्हणून. घाबरलो की माझं उलटं होतं.

कारण माझं कामच नाकाचं आहे हो! शाळा मी लवकर सोडली. सोडली म्हणजे मला बाकावर उभं राहून वाचता येत नसे, शब्द घशात अडकायचे, बाकीची मुलं हसायची, एक दिवस गेलोच नाही. मग इथे लागलो ग्लास विसळायला. आता ग्लास विसळणाऱ्याला काय, ग्लास रिकामा येतो, पण तळाशी थेंब असतोच. मी हुंगून विसळायचो. एकदा ताई मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, कशाचा येतोय? मला वाटलं आता ओरडा. मी म्हटलं, ओल्या पाटीचा. पाटी हो, शाळेतली, दगडाची. पाणी लावून पुसली की तिला एक वास यायचा, गार, धुळकट. ताईंनी तो ग्लास माझ्या हातातून घेतला, स्वतः हुंगला, परत एकदा हुंगला. मग म्हणाल्या, “शाळा सोडलीस, पण पाटी काही सोडली नाहीस.” ती डोंगरावरच्या खडकाळ मळ्यातली वाइन होती. तिथल्या द्राक्षाला तसाच येतो. मला कुणी सांगितलं नव्हतं.

तिथून शिकवायला लागल्या. शिकवायचं म्हणजे कसं, पुस्तक नाही. रोज काहीतरी हुंगायला लावायचं. पेन्सिल तासली की तिचा भुगा, विझलेली काडी, रबरी बूट, लिंबाची साल, पिकलेला पेरू, जरा जास्त पिकलेला पेरू. आई म्हणायची, कुत्रा झालायस की काय. मी छत्र्या हुंगायचो, कपाटं हुंगायचो, बसमध्ये पुढच्या माणसाची कॉलर — नाही, ती चुकून. मग ताई मला बरोबर न्यायला लागल्या. नदीकाठचे मळे, समुद्राजवळचे, वरच्या डोंगरातले. द्राक्ष एकच, आणि तीन ठिकाणी तीन तऱ्हा. नदीकाठची मऊ, गुबगुबीत, पेरूची. डोंगरावरची ताठ. समुद्राजवळच्या वाइनला मीठ असतं, खरंच असतं, ओठावर कळतं. एका तळघरातल्या म्हाताऱ्याने मला तिन्ही ग्लास सरमिसळ करून दिले आणि मी ओळखले. तो ताईंना म्हणाला, हा मला द्या. ताई म्हणाल्या, हात तोडीन! त्या दिवशी गाडीत परत येताना मी काचेतून बाहेर बघत होतो, ताईंना दिसू नये म्हणून. नुसता हसत होतो, काका. एकटाच.

मग इथले सगळे मला नाकोबा म्हणायला लागले. चिडवायचे, पण प्रेमाने. “नाकोबा, जरा बघ रे.” आणि आता पुढच्या महिन्यात ताई मला परीक्षेला पाठवणारेत. चाखणाऱ्यांची परीक्षा असते. पास झालं की मोठमोठ्या तळघरांत बोलावतात, देशोदेशी, हुंगून सांगायला. तिथे शाळेचा दाखला मागत नाहीत. नाकच मागतात. माझ्यासारख्याला आणखी कुठे असं दार उघडं असतं सांगा. एकच होतं. म्हणजे आहे. होतं.

छत्री कुठे गेली? — आहे, आहे. वळलीय. वर यायला लागलेत.

म्हणून नाही सांगितलं ताईंना. आज सांगतो, उद्या सांगतो. येईल परत, सकाळी उठल्यावर येईल. उशीला नाक लावून उठतो रोज. आणि इथे निभत होतं हो! तेच तर सगळ्यात भयंकर आहे. लोक येतात, मी ओततो, सगळं पाठच आहे मला, मी म्हणतो, “पेरू येतोय का बघा,” ते नाक घालतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, अय्या, खरंच, पेरू! एकही माणूस नाही म्हणाला नाही. एक दिवस माझ्या हातून बाटली चुकली. डोंगरावरची ओतली आणि सगळं नदीकाठचं सांगितलं. पेरू, मऊ, गुबगुबीत. सगळ्यांना पेरू आला! एका बाईंना तर इतका आला की त्यांना लहानपणचं झाड आठवलं. मला ते गेल्यावर लेबल दिसलं. मी तिथेच खाली बसलो, त्या पायरीवर. म्हटलं, म्हणजे हे सगळं तोंडाचंच आहे? मग माझंही तेच होतं की काय आधीपासून? ताईंनी सांगायचं आणि मला यायचं? मला नाक कधी होतं तरी का, काका?

पण पाटी — पाटी माझी होती. ती कुणी नव्हती सांगितली.

असो. तर म्हणून मला असा माणूस हवा होता, ज्याला मी काहीही सांगितलेलं नाही. इथल्या कुणाला विचारायची सोय नाही, विचारलं की कळणार, नाकोबा आपल्याला का विचारतोय. आणि पाहुण्यांना विचारून उपयोग नाही, ते माझ्या तोंडाकडे बघून हुंगतात. तुम्ही पाणी मागायला आलात तेव्हा मला वाटलं देवच आला, डोक्यावर टोपी घालून.

आता हे दोन ग्लास. नीट ऐका. पहिला मघाचा होता तो सोडून द्या, तो सवयीसाठी. या दोन ग्लासांत दोन वेगळ्या टाक्यांतली वाइन आहे. रंग बघा, सारखाच, काही फरक नाही. मला एवढंच सांगा, दोन्ही ठीक आहेत, की एकीला काही येतंय. काय येतंय ते तुम्ही सांगायचं, मी नाव घेणार नाही. नाव घेतलं की आलंच म्हणून समजा. हे बघा, मी तुमच्याकडे पाठ करतो, डोळे मिटून ग्लास फिरवतो, मलाही ठाऊक नको कुठला कुठे, नाहीतर माझा चेहरा बघून सांगाल. माझा चेहरा फार बोलका आहे. फिरवले. घ्या. हळू, सावकाश. मी छत्रीकडे बघतो.

कशासाठी म्हणता? काही विशेष नाही हो. पाच नंबरची टाकी. ती वाइन सुरुवातीपासून जरा नाजूकच होती. अशी वाइन कधीकधी टाकीत बिघडायला लागते, तिला एक वास धरतो. लगेच कळलं तर सोपं असतं, या टाकीतून त्या टाकीत घालायची, वारा द्यायचा, की जातो. पण बाटलीत भरून बूच मारलं की तो आतच बसतो. मग काही इलाज नाही, सगळ्याच्या सगळ्या बाटल्या ओतायच्या. म्हणून ताई म्हणाल्या होत्या, मी बाहेर चाललेय, नदीकाठच्या मळ्यांवर, तू पाच नंबर रोज हुंगत जा. मी रोज हुंगत होतो. खोटं नाही सांगत. शिडी लावून, झाकण उघडून, रोज नाक घालत होतो. म्हटलं, येईल. एक दिवस येईल, आणि तो पाच नंबरचाच येईल.

बाटल्या भरायचं यंत्र भाड्याचं असतं, ट्रकवर येतं, त्याची पाळी ठरलेली. ते दारात उभं राहिलं. यंत्रवाला हॉर्न वाजवतोय. आणि ताईंचा फोन. तिकडे वारा, आवाज तुटतोय. म्हणाल्या, “टाकीला वास येतोय का रे?”

मी म्हटलं, “नाही.”

काय चुकलं सांगा! मला विचारलं वास येतोय का, मला येत नव्हता, मी म्हटलं नाही. शब्दाशब्दाने खरं आहे. त्या म्हणाल्या, “नक्की?” मी म्हटलं, “नक्की, ताई.” नक्कीच येत नव्हता. त्या म्हणाल्या, “मग भरा.” आणि फोन ठेवला. भरलं. सगळी टाकी भरली, बुचं मारली, लेबलं लावली. बाकीच्यांनी कुणी हुंगली पण नाही. कशाला हुंगतील? नाकोबा आहे ना. मी इथे आल्यापासून सगळ्यांनी आपापली नाकं घरीच ठेवली.

हो. हो, कळलं होतं मला. त्या कुठल्या अर्थाने विचारतायत ते मला कळलं होतं. मी कुठल्या अर्थाने सांगतोय ते त्यांना कळणार नाही, हेही कळलं होतं. माझ्या तोंडात आलं होतं, काका. ‘ताई, मला’ — एवढं आलं होतं, आणि तिथेच घशात अडकलं. बाकावर उभं केल्यासारखं. आणि हॉर्न वाजत होता.

नुकत्याच भरलेल्या बाटल्या काही दिवस निवांत ठेवतात, उघडत नाहीत. त्यामुळे ताईंनीही अजून बघितली नाही. आज पहिल्यांदा उघडणार, तुमच्या साहेबांसमोर. मी एक चोरून उघडली, तीच ही. मला वाटतंय ठीकच असेल. ठीक असू शकते ना? न बिघडणाऱ्याच जास्त असतात. फक्त त्या दिवशी भरताना फरशी धुणाऱ्या मावशी तिथून गेल्या आणि त्यांनी नाक मुरडलं. काहीतरी म्हणाल्यासुद्धा. काय म्हणाल्या ते आत्ता नाही सांगत. तेव्हापासून माझी झोप गेलीय.

झालं हुंगून? बोला ना. दोन्ही बघितले? कुठला? — हा? डावा? डाव्याला काय?

डाव्याला काहीतरी येतंय.

काय येतंय ते थांबा — डावा कुठला? माझा डावा की तुमचा? तुमचा. हा. आणि हा कुठल्या टाकीतला आहे? — मी फिरवले ना. पाठ करून फिरवले. मोजलं होतं मी किती वेळा — दोनदा, की — अरे, खूण नाही केली. खूणच नाही केली मी! खडू इथेच होता खिशात. आणि मला हुंगून कळणार आहे का कुठला कुठला, तेवढं कळत असतं तर तुम्हाला कशाला बसवलं असतं! अरे, सांडली. राहू द्या, राहू द्या, मी पुसतो, तुम्ही नका, तुमच्या हातांना लागेल आणि परत — ओतून टाकतो दोन्ही. परत करू. वेळ आहे. छत्री फाटकाजवळ आलीय, पण तिथे तो जुना वेल आहे, ताई तिथे थांबतातच, पाहुण्यांना त्याची गोष्ट सांगतात. लांबलचक गोष्ट आहे.

हा नवा ग्लास. कोरडा. आता एकच. ही बाटली बघा, वरचं लेबल बघा, पाच नंबर, तुमच्या डोळ्यांसमोर ओततोय. आता चूक व्हायला जागाच नाही. घ्या. नीट आत घाला नाक. आणि काय येतंय ते एका शब्दात —

कुठे चाललात? काका? उठलात का?

खिडकी कशाला उघडलीत?

नाही, मी ऐकलं. मी ऐकलं, फक्त परत एकदा म्हणा. — अंडं.

नासकं अंडं.

मी म्हटलं होतं का अंडं? मघापासून माझ्या तोंडून एकदा तरी अंडं निघालं का? आठवून सांगा. नाही ना? नाव घेणार नाही म्हटलं होतं मी आणि घेतलं नाही. मावशी त्या दिवशी म्हणाल्या, गटार तुंबलंय वाटतं. मी गटार साफ केलं. हातमोजे घालून, काठी घालून, चांगलं खालपर्यंत. दुसऱ्या दिवशी पुन्हा साफ केलं. मला माहीत होतं काका, गटार स्वच्छ होतं. स्वच्छ गटार मी दोनदा साफ केलं.

इथपर्यंत येतोय? तिथे खिडकीपाशी उभं राहूनही? एवढा? आणि मी इथे, बाटलीच्या तोंडाशी उभा आहे. बघा, नाक लावतो. काही नाही. गार लागतं फक्त.

मी काय करू? नाही, तुम्ही नका सांगू. बाटली बदलता येईल. चांगल्या टाकीतली या बाटलीत ओतायची, कुणाला कळतंय, तुमचे साहेब नाक घालतील, मी म्हणेन पेरू येतोय का बघा — येईल. देवाशप्पथ सांगतो, त्यांना येईल. मॅडमना झाडसुद्धा आठवेल. आणि मग माल जाईल तो खालचा, पाच नंबरचा, हॉटेलांत, टेबलावर, लोकांसमोर उघडतील — आणि वर नाव ताईंचं. ताईंचं नाव आहे लेबलावर. माझं कुठेच नाही.

आणि ताई इथेच असणार ना. ताईंना दारातच कळेल. दार उघडलं की कळेल. खिडकी उघडून किती जाणार आहे? तुमच्या साहेबांसमोर कळेल, हातात ग्लास असताना, हसत असताना. आणि त्या आधी माझ्याकडे बघतील. ओरडणार नाहीत त्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या विचारतील, आणि मी परत काहीतरी — खरं असलेलं — बोलून टाकेन.

ऐका. पायऱ्यांवर आवाज येतोय? मला ऐकू येतं, कान चांगले आहेत माझे. तुमच्या मॅडम हसतायत. वेल झाला वाटतं बघून.

तुम्ही त्यांना सांगाल का? तुम्ही त्यांचेच ना. मी विसरलोच होतो तुम्ही कुणाचे आहात. मी काय काय बोललो सगळं — आईचं, शर्टाचं — आईलासुद्धा माहीत नाही यातलं. नका सांगू. नाही, सांगू नका म्हणजे, आत्ता नका सांगू. आधी मी. मी दारात जातो आणि त्यांना आत यायच्या आधीच — ताई! ताई, जरा थांबा! नाही, पाहुण्यांना राहू द्या बाहेर, तिथे बाकावर, सावली आहे. तुम्ही एकट्याच या आत. हो, आत्ता. नाही, काही फुटलं नाही. या ना, ताई.

तुम्ही निघा काका. गाडीत जाऊन बसा. मागच्या दाराने जा, तिकडून. पाण्याचा ग्लास राहू द्या, मी विसळतो. असे बघत काय उभे राहिलात? जा म्हणतोय ना. मला हे तुमच्यासमोर बोलता यायचं नाही.